पेरलेली पेनी

नेव्हिल डाउसनं उभी हयात लोकांच्या शेजारी बसून काढली, पण त्यातल्या एकाशीही त्याचं धड बोलणं झालं नाही. गाडी चालवण्याची परीक्षा घेणं ही त्याची नोकरी. "पुढच्या वळणाला डावीकडे." "सोयीची जागा बघून थांबा." आणि शेवटी पास किंवा नापास. आधीच घाबरलेल्या माणसाशी गप्पा मारायच्या नाहीत, असा खात्याचा दंडक होता. नेव्हिलनं तो इतका मनापासून पाळला की घरीही तो सुटला नाही. एक दिवस बायको, जिलियन, म्हणाली, "तुझ्या शेजारी बसून मला कंटाळा आलाय, नेव्हिल," आणि बहिणीकडे स्पेनला निघून गेली. भांडण नाही, तंटा नाही. आता ती तिकडेच राहते.

निवृत्त झाल्यावर आठवड्याचे बाकीचे दिवस तो कसेबसे ढकलायचा, पण रविवार काही केल्या हलायचा नाही. लाउथसारख्या गावात रविवारी दुपारी रस्त्यावर चिटपाखरू नसतं. अशात एकदा बाजारातल्या दुकानात त्याला जमिनीतलं धातू शोधायचं यंत्र दिसलं. नाण्यांचं त्याला काही पडलं नव्हतं. पण दुकानदार बोलता बोलता म्हणाला, "आमचा क्लब आहे. दर रविवारी पंचवीस-तीस माणसं कुणा ना कुणाच्या शेतात असतात. या की तुम्हीही." ते ऐकून त्यानं यंत्र घेतलं. खरं म्हणजे त्यानं पंचवीस-तीस माणसं विकत घेतली होती.

पण शेतात गेल्यावर ही माणसं चहूकडे पांगायची. ज्याच्या त्याच्या कानावर हेडफोन, नजर खाली, आणि यंत्राची थाळी जमिनीसरशी डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे. नेव्हिलला वाटलं, हे तर आपल्या नोकरीपेक्षाही मुकं काम आहे. माणसं भेटायची ती फक्त चहाच्या सुट्टीत. तेव्हा सगळे आपापल्या गाडीचा मागचा दरवाजा उघडून बसत आणि सकाळभर सापडलेल्या वस्तू डब्याच्या झाकणावर मांडून ठेवत. मग क्लबचा म्होरक्या ट्रेव्हर स्टँप, एका हातात बेकन घातलेला पाव आणि दुसऱ्या हातात भिंग घेऊन, एकेका गाडीपाशी जायचा, आणि बाकीचे त्याच्या मागून. ज्याच्या झाकणावर काही चांगलं असेल त्याच्यापाशी घोळका थांबायचा. कुठे मिळालं, किती खोल होतं, यंत्र कसं वाजलं, सगळं विचारून व्हायचं. चहा थंड होईपर्यंत त्या माणसाला सोडायचे नाहीत.

"काय साहेब, आज पास का नापास?" नेव्हिलच्या गाडीपाशी येऊन ट्रेव्हर विचारायचा.

नेव्हिल झाकण पुढे करायचा. त्यावर काडतुसांची पितळी बुडं, कोकच्या डब्यांच्या कड्या, शिशाचा एक गोळा, ट्रॅक्टरचा नट.

"नापास. पुढच्या रविवारी पुन्हा बसा परीक्षेला."

सगळे हसायचे. हसण्यात वाईट काही नव्हतं, आमच्याकडे माणसाला आपलं मानलं की त्याची टिंगल करतात. पण हसून झालं की लगेच पुढची गाडी. आठवडाभरात नेव्हिलच्या वाट्याला माणसं यायची ती तेवढीच.

क्लबात एक बाई होती, थेल्मा मॉल्टबी. सत्तरी उलटलेली, बुटकी, हातात मुठीला चिकटपट्टी गुंडाळलेलं जुनंपुराणं यंत्र. यंत्र हूं म्हणालं की ती खणायची. खिळा असो, चॉकलेटचा वर्ख असो, काहीही असो. तिला कधीच काही मिळत नसे, आणि तिच्या गाडीपाशी थांबायचं तर ट्रेव्हरनं केव्हाच सोडून दिलं होतं. जाता जाता तो नुसता पाव हलवायचा. नेव्हिलला ती आवडायची नाही. आणखी काही वर्षांनी आपण कसे दिसू, हे तिच्याकडे बघून त्याला कळत होतं.

हिवाळ्याच्या तोंडाला क्लबला ब्लँचर्ड नावाच्या शेतकऱ्याचं बीटचं शेत मिळालं. पीक काढून झालेलं, जमीन मोकळी, पण खताबरोबर आलेल्या चॉकलेटच्या वर्खाच्या बारीक चिंध्या सगळीकडे. यंत्र दर पावलाला किणकिणायचं आणि खणलं की वर्ख. पहिल्याच रविवारी नेव्हिलची कंबर धरली. मग त्याला यंत्रावर एक बटण सापडलं. ते फिरवलं की यंत्र वर्खाला ओळख देईनासं होतं. त्यानं ते चांगलं पुढपर्यंत फिरवलं. शेत एकदम शांत झालं, आणि आपल्याला या कामातलं काही कळायला लागलं म्हणून तो खूश झाला.

त्या सुट्टीतही नापासच.

त्यानंतर त्यानं जे केलं ते विचार करून केलं, झोपेत नाही. तो लिंकनला नाण्यांच्या प्रदर्शनात गेला आणि एका विक्रेत्याकडून एडवर्ड राजाच्या वेळची चांदीची पेनी घेतली. सातशे वर्षांपूर्वी हातोडीनं ठोकून पाडलेलं नाणं, नखाएवढं पातळ, एका बाजूला राजाचं तोंड आणि दुसऱ्या बाजूला लांब क्रूस. शनिवारी दुपारी फिरायला आल्यासारखा तो ब्लँचर्डच्या शेताकडे गेला, बांधावरच्या ओकच्या झाडापासून आत थोडं चालला, चार बोटं माती उकरून नाणं पुरलं आणि बुटानं जागा दाबून टाकली. आमच्या लोकांत याच्याएवढं दुसरं पाप नाही. कुणाच्या शेतात काय निघालं हे संग्रहालयाचा अधिकारी नकाशावर टिपून ठेवतो, आणि त्यावरून शिकलेली माणसं इथे कधी कोण राहत होतं ते ठरवतात. जमिनीत खोटं पेरणं म्हणजे त्या सगळ्यांच्या ताटात माती कालवणं. नेव्हिलला हे ठाऊक होतं. पण एका रविवारी, फक्त एका रविवारी, चहा थंड होईपर्यंत चार माणसं आपल्यापाशी थांबावीत, एवढंच त्याला हवं होतं.

रविवारी सकाळी तो ओकपासून निघाला. मनात सगळं ठरलेलं. यंत्र वाजलं की थांबायचं, खणायचं, थोडं गोंधळून बघायचं, मग ट्रेव्हरला हाक मारायची. तो चालला. यंत्र वाजलं नाही. तो परत फिरला, एक पाऊल बाजूला सरकून पुन्हा गेला. नाही. उभा गेला, आडवा गेला. शनिवारच्या आपल्याच बुटाचा ठसा त्याला तिथे दिसत होता, त्यावरून त्यानं थाळी फिरवली, तरी यंत्र गप्प. सरळ फावड्यानं उकरावं तर मागून थेल्मा येत होती. न वाजताच खणणारा माणूस कुणी पाहिलाय? घाम पुसत तो थोडा पुढे गेला, ती जाईपर्यंत थांबावं म्हणून.

ती गेली नाही. ती तिथेच थांबली. तिच्या यंत्रानं हूं केलं असावं, कारण तिनं गुडघे टेकले.

"अहो नेव्हिल," तिनं हाक मारली. आवाज इतका बारीक की त्यानं हेडफोन काढला होता म्हणून ऐकू आला. "जरा इकडे येता का?"

तिच्या तळहातावर ती पेनी होती.

"बघा हो. बटण तर नाही ना हे?"

त्याच वेळी खरं सांगता आलं असतं. पण त्या बाईच्या तोंडाकडे बघून त्याची जीभ रेटेना.

"नाही," तो म्हणाला. "बटण नाही हे."

मग काय, शेतभरची माणसं धावत आली. ट्रेव्हर चिखलात गुडघ्यांवर बसला, भिंग लावलं आणि नाणं दोन्ही बाजूंनी उलटवून पाहिलं.

"थेल्मा, बाई गं," तो शेवटी म्हणाला, "ही हातानं पाडलेली आहे. मला पहिली मिळायला सहा वर्षं लागली होती."

"हे शेजारीच होते माझ्या," थेल्मा म्हणाली. तिनं नेव्हिलची बाही घट्ट धरून ठेवली होती. "यांनीच आधी ओळखली. मी तर टाकून देणार होते."

ती बाही सोडेना, त्यामुळे सगळी सुट्टी घोळक्याच्या मध्यभागी ती आणि नेव्हिल. कुणी त्याला पोर्क पाय, म्हणजे मांस भरलेली पेस्ट्री, दिली, कुणी चहा ओतला. ट्रेव्हरनं त्याच्या पाठीवर थाप मारली. "साहेब, त्याच जागेवरून तुम्ही चारदा गेलात, मी बघत होतो. तुमचं यंत्र झोपलं होतं काय? आणा इकडे." यंत्र हातात घेऊन तो हसत सुटला. "अरे, हे बटण कुठवर फिरवलंय या माणसानं! पातळ चांदी आणि वर्ख यंत्राला एकसारखेच ऐकू येतात, साहेब. तुम्हीच त्याच्या तोंडात बोळा कोंबलात. ही बाई सगळं खणते म्हणून हिला मिळालं." सगळे हसले, आणि या वेळी कुणी पुढच्या गाडीकडे गेलं नाही. जे हवं होतं ते सगळं नेव्हिलला मिळालं होतं. हातातली पेस्ट्री त्यानं न खाताच खाली ठेवली.

दुसऱ्या दिवशी थेल्माचा फोन आला. क्लबच्या यादीतून तिनं नंबर काढला होता.

"एक आहे म्हणजे आणखी असणार," ती म्हणाली. "कुणाची तरी थैली फाटली असेल बघ. ब्लँचर्डशी बोलले मी. ईस्टर झाला की तो बीट पेरणार आहे, तोवर तुम्ही दोघं कधीही या म्हणाला. आणि नियमानं निम्मा वाटा त्याचा, तर तो म्हणतो, तुमची पेनी तुम्हालाच लखलाभ. येशील ना?"

"येतो," नेव्हिल म्हणाला.

असा तो हिवाळा गेला. जिथे काही नाही हे त्याला पक्कं माहीत होतं, तिथे तो थेल्माबरोबर यंत्र फिरवत राहिला. ती अंड्याची सँडविचं आणायची, तो फ्लास्क. बांधावर पोतं टाकून दोघं बसायची. ती बोलायची, आणि हळूहळू, गंजलेली बिजागरी सुटावी तसा, तोही बोलायला लागला. जिलियनबद्दल बोलला. एका मुलीनं परीक्षेत गाडी तळ्यात घातली होती तेव्हाचं सांगितलं, तर थेल्मा इतकी हसली की तिला ठसका लागला. आपल्या बोलण्यावर कुणी हसतं, हे त्याला नवीन होतं.

थेल्माचा एकुलता एक मुलगा ब्रिस्टलला होता, एड्रियन. नाताळला कार्ड, वाढदिवसाला फुलं, दोन्ही दुकानातून परस्पर. पण पेनीचा फोटो पाठवला आणि त्याचा फोन आला. मग दुसऱ्या रविवारी पुन्हा.

"अर्धा तास बोलला," ती म्हणाली. "म्हणतो, आई, ऑफिसात सगळ्यांना दाखवला मी फोटो. अर्धा तास, नेव्हिल. त्याच्या बापाच्या मयतालासुद्धा एवढा बोलला नव्हता."

नेव्हिलनं मान हलवली आणि फ्लास्कचं झाकण उगीच घट्ट लावलं.

मार्चमध्ये ती म्हणाली, आता पेनीची नोंद करायला हवी. लिंकनच्या संग्रहालयातल्या बाईंची वेळ तिनं घेऊनही टाकली. गाडी तीच चालवणार होती. सगळ्या वाटेवर नेव्हिल शेजारी बसून अदृश्य ब्रेक दाबत होता.

"पाय हलवू नकोस," ती म्हणाली. "मला लायसन मिळालं तेव्हा तू शाळेत होतास."

आदल्या रात्री त्याला आठवलं होतं की विक्रेत्यानं नाण्यावर बारीक लाखेचा हात दिला होता, चांदी काळी पडू नये म्हणून. जमिनीतून सातशे वर्षांनी निघालेल्या नाण्यावर लाख कुठून येणार? संग्रहालयातल्या बाईंच्या ते क्षणात लक्षात आलं असतं, आणि मग सवाल थेल्माला झाले असते. क्लबात कुणी तोंडावर हसलं नसतं, पण माघारी तिला पेरणारी बाई म्हटलं असतं. तो गप्प राहिला तर तिचं नाव जाणार होतं, आणि बोलला तर तिची संगत. घरापासून तो हाच हिशेब करत आला होता.

वाहनतळावर तिनं गाडी लावली. तो समोर काचेकडे बघत बसला. आयुष्यभर वाईट बातमी त्यानं याच जागेवर बसून दिली होती, आणि दुसऱ्या सुरात बोलणं त्याला येतही नव्हतं.

"इंजिन बंद करा," तो म्हणाला. "ती पेनी मी पुरली होती."

तिला आधी कळलंच नाही. मग त्यानं सगळं सांगितलं. प्रदर्शन, शनिवारची दुपार, ओक, लाख. का केलं तेही सांगितलं. शेजारच्या गाडीतून एक कुटुंब उतरलं, दारं आपटली, मुलं ओरडत गेली. थेल्मानं दोन्ही हात स्टिअरिंगच्या चक्रावर ठेवले होते.

"म्हणजे मला काहीच मिळालं नव्हतं," ती म्हणाली.

"नाही."

"इतक्या वर्षांत एकदा मिळालं, तेही नाही."

"थेल्मा, मला—"

"काही बोलू नका तुम्ही." तिनं पर्समधून छोटी प्लास्टिकची डबी काढली आणि त्याच्या मांडीवर ठेवली. "तुमची आहे. घ्या."

तिनं आत जाऊन वेळ रद्द केली आणि परत येऊन गाडी सुरू केली. लाउथला त्याच्या घरापुढे थांबल्यावर म्हणाली, "ईस्टरला येतोय एड्रियन. मुलांना घेऊन. त्याला ते शेत बघायचंय." आणि उत्तराची वाट न बघता गेली.

नेव्हिल पुन्हा क्लबला गेला नाही. रविवारी तो स्वयंपाकघरात बसायचा. पूर्वीही तो तिथेच बसायचा, पण तेव्हा आपल्याकडे काय नाही ते त्याला माहीत नव्हतं. आता फ्लास्क दिसला की तो उचलून कपाटात ठेवायचा. फोन करावा म्हणून तो कितीदा उठला असेल, पण म्हणणार काय? माफी मागायची तर तिनं त्याला बोलूच दिलं नव्हतं. ट्रेव्हरचा एकदा निरोप आला, "साहेब, परीक्षेला भिऊन घरी बसलात काय?"

ईस्टरच्या आदल्या दिवशी फोन वाजला.

"उद्या अकराला ब्लँचर्डच्या फाटकाशी या," थेल्माचा आवाज. "पोरं विचारतील कुठे सापडली. मला नेमकी जागा आठवत नाही. तुम्हाला आठवते. आणि ती डबी घेऊन या."

"त्यांना काय सांगायचं?"

"माझ्या आयुष्यातला एवढा अर्धा तास आहे, नेव्हिल. तो राहू द्या."

तो दहालाच जाऊन थांबला. शेताच्या टोकाला पेरणीचं यंत्र आणून लावलेलं होतं, ब्लँचर्ड मंगळवारी सुरू करणार होता. थोड्या वेळानं थेल्मा आली. नवा कोट, ओठांना लाली. नातवंडांसाठी चॉकलेटची अंडी पिशवीत. दोघं फाटकाला टेकून रस्त्याकडे बघत उभी राहिली. हवेवर बोलली, मेंढ्यांवर बोलली. अकरा वाजून गेले. एक गाडी आली, ती दुसऱ्या कुणाची निघाली. मग तिचा फोन वाजला, आणि ती फाटकापासून थोडी लांब गेली. तिचं फक्त "हो रे," "नाही रे, त्यात काय," "पोरांना जप," एवढं ऐकू येत होतं. एकदा ती हसलीही. ते हसणं ऐकून नेव्हिलनं मान दुसरीकडे वळवली.

"धाकट्याला ताप आहे," ती परत येऊन म्हणाली. "आणि रस्त्यावर गर्दी फार असते ईस्टरला. पुढच्या महिन्यात बघू म्हणतो."

पुढच्या महिन्यात इथे बीट उगवलेलं असणार, हे दोघांनाही माहीत होतं. नेव्हिलनं खिशातली डबी काढली. तिनं डबीकडे पाहिलं, पण हात पुढे केला नाही. अंड्यांची पिशवी तिनं गाडीत टाकली, आणि मागचा दरवाजा उघडून आपलं यंत्र बाहेर काढलं.

"तुझं आणलंयस का?" तिनं विचारलं.

"गाडीत आहे. थेल्मा, तिथे काही नाहीये."

"ते मला सांगतोस?" ती चिडून म्हणाली, आणि मग तिचा आवाज खाली आला. "ओव्हनमध्ये सहा माणसांचं कोकरू आहे. टेबल मांडून ठेवलंय. मला इतक्यात घरी जायचं नाही."

नेव्हिलनं आपलं यंत्र काढलं. ओकपासून तिनं एक बाजू धरली, त्यानं दुसरी. यंत्र वाजलं की थांबायचं, खणायचं, वर्ख खिशात टाकायचा आणि माती नीट दाबून पुढे जायचं. त्या जमिनीत काही नाही हे साऱ्या जगात त्या दोघांनाच ठाऊक होतं, आणि अंधार पडेपर्यंत ती दोघं तिथे शोधत राहिली.